तिच्या पायांपाशी कोण बसणार?

कुणाची चूल पेटली असेल, कुणाचे हात पिठात असतील, कुणी अजून धुऱ्यावरून घरी येत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आज मी बचत, कर्ज, व्याज यातलं काही सांगणार नाही. आज पायांबद्दल बोलायचं आहे. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

मी गटांची समन्वयक. रजिस्टर तपासणं हे माझं काम. आमच्या एका गटात एक मावशी आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या लागोपाठ चार बैठकांना आल्या नाहीत. गटाच्या नियमाप्रमाणे एका गैरहजेरीचा दंड पाच रुपये, चार बैठकांचे झाले वीस. मीच ते रजिस्टरमध्ये लिहिले. वर बोललेही, "बचत नातवाच्या हातून बरोबर पाठवतात, मग स्वतः यायला काय होतं?" सगळ्या गप्प. एकजण हळूच म्हणाली, "ताई, त्यांचा पाय..." आणि पुढचं तिने गिळलं. मीही विचारलं नाही. मला पुढच्या बैठकीला जायची घाई होती.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण त्यानंतर एका प्रशिक्षणात आम्हाला आफ्रिकेतल्या युगांडा देशातली एक चित्रफीत दाखवली. त्यात झाडाखाली एक मुलगा बाकावर बसला होता, सातआठ वर्षांचा असेल. त्याच्यासमोर जमिनीवर एक बाई बसली होती. तिने त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला होता. पाय बघवत नव्हता. टाचेला, बोटांना, नखांच्या कडेला पांढरे फोड आणि प्रत्येक फोडाच्या मधोमध काळा ठिपका. मूल रडत होतं आणि ती बाई खाली मान घालून एकेक फोड साफ करत होती. आमच्यातल्या काहीजणींनी तोंडाला पदर लावला. मी पडद्याकडे बघत होते, पण माझ्या डोळ्यांपुढे ते रजिस्टर आलं. त्या दिवसापासून मी या आजाराबद्दल वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते आज तुम्हाला सांगते.

तो आजार पिसवेमुळे होतो. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर असते तशीच, पण जात वेगळी आणि आकाराने अगदी बारीक, जेमतेम एक मिलिमीटर. इंग्रजीत तिला जिगर म्हणतात. आपल्या हिंमतवाल्या जिगरशी तिचं काही नातं नाही बरं का! तिकडच्या स्वाहिली भाषेत तिला फुंझा म्हणतात. ही पिसू कोरड्या, धुळीच्या मातीत राहते. तिला फार उंच उडता येत नाही, फार तर वीतभर. म्हणून ती माणसाला गाठते ती पायालाच.

आपली साधी पिसू चावते आणि उडून जाते. ही तसं करत नाही. हिची मादी पायाच्या कातडीत शिरते आणि तिथेच मुक्काम करते. फक्त शेपटाकडचं टोक बाहेर ठेवते. तोच तो काळा ठिपका. आत रक्त पिऊन ती एकदोन आठवड्यांत वाटाण्याएवढी फुगते. त्या बारीक छिद्रातून शेकड्याने अंडी बाहेर टाकते. ती अंडी घरातल्या मातीत पडतात आणि साधारण तीन आठवड्यांत त्यातून नव्या पिसवा तयार होतात. जुनी मादी चार ते सहा आठवड्यांत कातडीतच मरते. पण तोवर तिच्या लेकीबाळी पुन्हा त्याच पायात शिरलेल्या असतात.

एखादी पिसू असली तर खाज आणि दुखणं, बाकी फारसं नाही. पण गरीब घरातल्या माणसाच्या पायात दहावीस, पन्नास, कधी शेकड्यावर असतात. मग पाय सुजतो, पू होतो, नखं गळतात, बोटं वाकडी होतात. पाऊल टाकवत नाही. जखमेतून धनुर्वात होऊ शकतो, आणि मग जीवही जातो. २०१० साली युगांडाच्या पूर्व भागातल्या बुसोगा प्रदेशात हा आजार फार पसरला. तेव्हा सरकारने वीस हजारांहून जास्त लोकांना लागण आणि वीसजणांचा मृत्यू असा आकडा सांगितला होता. एवढ्याशा पिसवेने!

गंमत म्हणजे ही पिसू मूळची आफ्रिकेची नाहीच. ती दक्षिण अमेरिकेची. १८७२ साली ब्राझीलहून एक जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अंगोलात आलं. रिकामं जहाज डुलू नये म्हणून तळाशी वाळू भरतात, त्या वाळूतून ती उतरली असं सांगतात. पुढे व्यापाऱ्यांचे तांडे, सैनिक, मजूर यांच्या पायांबरोबर चालत चालत पंचवीसतीस वर्षांत तिने आफ्रिका खंड ओलांडलं. त्याच काळात तिकडून परतणाऱ्या लोकांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतही आली होती, पण इथे तिने मूळ धरलं नाही. महाराष्ट्रातल्या एका रुग्णाची नोंद १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, एवढंच. तेव्हा घाबरू नका. आपल्याकडे टाचेला फोड आला म्हणजे लगेच तीच पिसू, असं नाही.

आता तिकडची माणसं कशी राहतात तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बुसोगातलं मोठं गाव जिंजा. व्हिक्टोरिया सरोवरातून नील नदी जिथे बाहेर पडते, तिथे ते वसलं आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे नदीत विसर्जित केला होता. तिथे त्यांचं स्मारक आहे. म्हणजे अगदीच अनोळखी गाव नाही ते आपल्याला. आजूबाजूच्या खेड्यांत मातीच्या भिंती, मातीची जमीन. कोंबड्या, शेळ्या, डुकरं, कुत्री घराच्या आतबाहेर. मुलं जमिनीवर चटई टाकून झोपतात. पाणी लांबून आणायचं, तेव्हा पाय धुवायला पाणी खर्चायचं की स्वयंपाकाला, असा प्रश्न. वहाण एखाद्याच्याच पायात. हे चित्र आपल्याला नवीन आहे का? आपल्या आईच्या पिढीने हेच पाहिलं आहे.

आणि ज्याच्या पायात पिसवा जास्त, त्याला गाव काय म्हणतं? आळशी आहे, घाणेरडा आहे, कुणीतरी करणी केली आहे, घराण्याला शाप आहे. शाळेत मुलाला शेजारी कुणी बसू देत नाही. तो लंगडतो, मुलं हसतात, मग तो शाळा सोडतो. हातांच्या बोटांत पिसवा शिरल्या तर त्याला पेन्सिलही धरता येत नाही. म्हातारी माणसं, अपंग माणसं, एकटी पडलेली माणसं यांचे हाल सगळ्यांत वाईट. वाकून स्वतःच्या पायातली पिसू काढायला नजर हवी आणि हात स्थिर हवा. ते नसलं तर दुसरं कुणीतरी हवं. आणि दुसरं कुणी जवळ येत नाही. म्हणजे बघा, पिसवेमुळे माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडल्यामुळे पिसवा वाढतात. गाव म्हणतं घाणेरडा आहे म्हणून आजार झाला. खरं तर गावाने सोडून दिलं म्हणून तो एवढा वाढला.

इथे त्या मिशनवाल्यांची गोष्ट येते. मिशनचा दवाखाना आपल्याला माहीत आहे. आपल्या विदर्भात परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी मिशनचा दवाखाना आहे. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं त्यांना तिथे खाट मिळाली. तसंच काम जिंजाला या पिसवांच्या आजारावर चालतं. सोल होप नावाची एक ख्रिस्ती संस्था २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका जोडप्याने सुरू केली. सोल म्हणजे पायाचा तळवा, होप म्हणजे आशा. इंग्रजीत आत्म्यालाही सोल म्हणतात.

त्यांचं शिबिर गावात लागतं, शाळेच्या पटांगणात किंवा झाडाखाली. आधी पाय धुतात. टबात पाणी, साबण, आणि समोर जमिनीवर बसलेला माणूस. कुणी तिथलीच नर्स असते, कुणी परदेशातून आलेलं. पाय धुऊन झाले की हातमोजे घालून, स्वच्छ हत्यार घेऊन एकेक पिसू काढायची. पोतडी फुटू न देता अख्खी निघाली पाहिजे, नाहीतर आत राहिलेला भाग चिघळतो. मग औषध लावून पट्टी बांधायची, घर कसं साफ ठेवायचं ते सांगायचं, आणि शेवटी पायात बूट घालायचे. ज्यांचे पाय फारच बिघडले आहेत त्यांना जिंजाच्या घरी आणून काही दिवस ठेवतात, खाऊ घालतात, रोज मलमपट्टी करतात.

मला त्यातलं धुणं लक्षात राहिलं. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात एक प्रसंग आहे. येशूला क्रुसावर देण्याच्या आदल्या रात्री तो जेवणावरून उठला, कमरेला पंचा गुंडाळला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्र नावाचा शिष्य पाय पुढे करेना, गुरूने माझे पाय धुवावेत हे बरं नव्हे म्हणून. येशूने ऐकलं नाही. त्याने सगळ्यांचे धुतले. ही मंडळी तो प्रसंग मनात धरून ते टब घेऊन बसतात.

मैत्रिणींनो, पाय धुणं आपल्याला काय नवीन आहे? लग्नात जावयाचे पाय धुतो. महाराज घरी आले तर त्यांचे धुतो. पण आपल्याकडे नेहमी खालचा वरच्याचे पाय धुतो. सुनेचे पाय सासूने धुतले, असं कुठे ऐकलं आहे? तिकडे उलटं आहे. ज्याच्याजवळ गाव बसत नाही, त्याच्या पायांपाशी शिकलेली नर्स बसते. आधी औषध पायाला लागतं की मनाला, ते मला सांगता येणार नाही. पण त्या चित्रफितीत मुलाचं रडणं थांबल्यावर तो त्या बाईकडे बघत होता, ते मी विसरत नाही.

दुसरी गोष्ट बुटांची. ही आपल्या गटांनी लक्ष देऊन ऐकावी. ते बूट दुकानातून आणत नाहीत. अमेरिकेतल्या बाया, शाळेतली मुलं, चर्चची मंडळं एकत्र जमतात आणि जुन्या जीनच्या पॅन्टी ठरलेल्या मापाने कापतात. ते तुकडे जिंजाला जातात. तिथले शिंपी ते शिवतात आणि तळ लावतात जुन्या टायरचा. जीन जाड, टायर त्याहून जाड. पिसू आरपार जात नाही. यात मला आवडलं ते हे की शिवणकामाची मजुरी तिथल्याच माणसाला मिळते. बूट तयार करून पाठवले असते तर बूट मिळाले असते, पण रोजगार मिळाला नसता.

आता तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल, ताई, हे लोक धर्म बदलायला तर जात नाहीत? प्रश्न रास्त आहे, मी टाळत नाही. ते ख्रिस्ती आहेत हे ते लपवत नाहीत. देवाचं नाव घेऊन काम करतात. तिथले बरेच लोक आधीपासून ख्रिस्तीच आहेत, काही मुसलमान आहेत. माझं मत सरळ आहे. औषधाला अट लावायची नाही. पाय धुतो पण आधी माझी प्रार्थना म्हण, असं कुणी म्हणालं, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर ते धुणं धुणं राहिलं नाही, सौदा झाला. पण अट न लावता कुणी आपल्या देवाच्या नावाने दुसऱ्याच्या जखमेला हात लावत असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी मी स्वतःला विचारेन, माझ्या देवाने मला कुणाच्या पायांपाशी बसवलं?

आणखी एक खरं सांगायला हवं. नुसत्या धुण्याने आणि बुटांनी हा आजार जात नाही. पिसू काढली, मूल घरी गेलं, त्याच मातीत झोपलं, की पुन्हा लागण. बूट मिळाले तरी ते शाळेला आणि चर्चला जायला जपून ठेवतात, जसे आपण नवं लुगडं जपतो. घरात कोण बूट घालून झोपतं? मादागास्कर बेटावर यावर एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना बूट दिले आणि काहींना रोज दोनदा पायाला लावायला खोबरेल तेलापासून केलेलं औषध दिलं. तेल लावणाऱ्यांचे पाय खूप सुधारले. बुटांचा फायदा थोडाच झाला, कारण लोक ते सारखे घालत नव्हते. म्हणजे वस्तू देऊन काम संपत नाही. ती वापरली जाते का, नसेल तर का नाही, हे जाऊन बघावं लागतं.

पिसू काढायच्या पद्धतीवरही डॉक्टरांचं म्हणणं आहे. गावात लोक टाचणीने, काट्याने, सेफ्टी पिनने काढतात. एकच पिन घरभर फिरते. त्यातून कावीळ, एड्स असे रक्तातून जाणारे आजार एकाचे दुसऱ्याला होऊ शकतात. शिवाय मुलांना वेदना किती! केनियात एक दुसरा उपाय तपासला गेला. डायमेथिकोन नावाचं पातळ तेल असतं, उवांच्या औषधातही ते वापरतात. ते फोडावर लावलं की पिसवेची श्वासाची वाट बंद होते आणि ती आतच मरते. कापाकापी नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सात दिवसांत शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर पिसवा मेल्या. पाय लाल औषधाच्या पाण्यात, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवण्याच्या जुन्या पद्धतीने शंभरातल्या एकोणचाळीसच मेल्या. म्हणून सेवा करणाऱ्यानेही शिकत राहावं लागतं. मन चांगलं आहे एवढ्यावर भागत नाही.

आणि मुळावरचा उपाय म्हणजे घराची जमीन. भेगा नसलेली, झाडता आणि धुता येणारी पक्की जमीन. जनावरं झोपण्याच्या जागेपासून लांब. पाय रोज धुवायला जवळ पाणी. यात करणी कुठे आली आणि शाप कुठे आला? हे सगळं गरिबीचं दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरूज आणि कातडीवरच्या अशा परजीवींना दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित आजार. मला तो शब्द वाचून वाटलं, आजार दुर्लक्षित नसतो, माणूस दुर्लक्षित असतो.

आता पुन्हा माझ्या रजिस्टरकडे येते.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी त्या मावशींच्या घरी गेले. त्या छपरीत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पाय लुगड्याखाली ओढला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी म्हणाले, "मावशी, पाय दाखवता?" त्या म्हणाल्या, "काय बघतेस बाई, वास येतो." मी खाली बसले. खोटं बोलत नाही, वास येत होता. मला मळमळलं. पण मी बसून राहिले.

तो हत्तीपाय होता. आपल्या धानपट्ट्यातल्या बायांना हा शब्द सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागात हा जुना आजार आहे. पिसवेचा नाही, पण हाही परजीवीचाच. दोऱ्यासारखे बारीक जंत डासांमार्फत अंगात जातात आणि अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या नसांमध्ये राहतात. बऱ्याच वर्षांनी पाय सुजतो, कातडी जाड होते, घड्या पडतात, घड्यांत ओल राहते, जखमा होतात, ताप येतो. हा आजार शिवल्याने होत नाही. एका सतरंजीवर बसल्याने होत नाही. पण मावशींना मागच्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं, "तुम्ही जरा उंबऱ्याजवळ बसा." त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आणि त्यावर मी दंड लावला.

आशाताईला सोबत घेऊन आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. तिथे जे सांगितलं ते ऐकून मला युगांडातला तो टब आठवला. कारण हत्तीपायाच्या रुग्णाला रोजचं मुख्य औषध म्हणजे पाय धुणं. सूज पूर्ण उतरेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण रोज नीट धुतलं तर जखमा, वास आणि वारंवार येणारा ताप कमी होतो.

कसं धुवायचं ते सांगते, कुणाच्या घरी असा पाय असेल तर लक्षात ठेवा. साधं स्वच्छ पाणी घ्यायचं, कढत नाही. अंगाचा साधा साबण हाताला लावून हळूवार धुवायचं. ब्रश नको, दगड नको, विटेचा तुकडा नको. बोटांच्या मधली जागा आणि कातडीच्या घड्या विसरायच्या नाहीत. मग स्वच्छ मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं, रगडायचं नाही. बोटांच्या बेचक्यांतही कोरडं हवं. जखम असेल तिथे डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं. बसताना पाय पाटावर, झोपताना उशीवर. दिवसातून काही वेळा पाऊल वरखाली, गोलगोल फिरवायचं. पायात सैल चप्पल. पाय लाल होऊन तापला आणि अंगात ताप आला, तर व्यायाम बंद आणि लगेच दवाखाना. या रुग्णांना सरकारी कार्यक्रमातून टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच देतात. आशाताईला विचारा. आणि आपल्या जिल्ह्यात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येते तेव्हा गोळ्या पदरात बांधून ठेवू नका, त्यांच्यासमोरच गिळा. गरोदर बायांना, अगदी लहान लेकरांना आणि फार आजारी माणसांना त्या देत नाहीत, बाकी सगळ्यांनी घ्यायच्या.

पहिल्या दिवशी मावशींचा पाय आशाताईने धुतला. दुसऱ्या दिवशी मी धुतला. मावशी रडल्या. मला म्हणाल्या, "पाप चढवतेस माझ्यावर." मी म्हणाले, "मावशी, दंडाचं पाप माझ्यावर आधीच आहे." तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने टब भरला. ती आधी वाईट नव्हती हो, तिला भीती वाटत होती की लेकरांना होईल. होत नाही हे कळल्यावर ती पुढे आली.

पुढच्या बैठकीत मी रजिस्टर उघडून ते वीस रुपये सगळ्यांसमोर खोडले आणि बाजूला कारण लिहिलं. चूक समन्वयकाची, असं लिहिलं. मावशी आल्या. उंबऱ्याजवळ बसायला गेल्या. अध्यक्ष ताईंनी त्यांना हाताला धरून मधे, हिशेबाच्या पेटीशेजारी बसवलं. पाय सुजलेलाच आहे, तो तसाच राहील. पण वास गेला आहे, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही बैठक चुकवलेली नाही.

मैत्रिणींनो, युगांडाला आपण जाणार नाही. पण आपल्या प्रत्येक गटाच्या रजिस्टरमध्ये एखादं नाव असं असतं, ज्याच्यापुढे लागोपाठ गैरहजर, गैरहजर लिहिलेलं असतं. कुणाचा पाय असेल, कुणाच्या अंगावर डाग असतील, कुणाला लघवी थांबत नसेल. ती बाई सांगणार नाही. आपण विचारायचं. या आठवड्यात आपापलं रजिस्टर काढा, असं एक नाव शोधा आणि दंड लिहिण्याआधी तिच्या घरी जा. दोघी जा, एकट्या नको, म्हणजे धीर येतो. काही देऊ नका, काही शिकवू नका. आधी नुसतं तिच्याजवळ खाली बसा.

बाकीचं दवाखान्यात विचारता येतं. बसायचं मात्र आपल्यालाच आहे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.